मातीला पांघरूण

फाल्गुन सरला की माणदेशात ऊन चढू लागते. ओढे त्याआधीच आटलेले असतात. मग विहिरी तळ दाखवतात. पुढे बोअर गुळण्या टाकू लागते. मग टँकरची वाट पाहायची. हंडे, कळश्या, घागरी यांची रांग लागते. टँकर येईल तेव्हा येईल, पण रांग सोडून जाता येत नाही.

सातारा जिल्हा एकच. पण त्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही भरवशाचा नाही. १९७२ साली तो आला नाही. रोजगाराच्या कामावर बाया-बापे खडी फोडायला गेले. २०१२-१३ साली पुन्हा तसेच झाले. जनावरे छावणीत न्यावी लागली. २०१६ च्या एप्रिल महिन्यात तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.

अशा वेळी परसातल्या झाडांची आठवण कोण ठेवतो? माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे वांग्याला कुठून घालायचे? असे म्हणणारा खोटे बोलत नाही. पण थोडे थांबा. परसातले लिंबाचे झाड फळाला यायला चार-पाच वर्षे लागतात. ते एका उन्हाळ्यात वाळले, म्हणजे चार-पाच वर्षांची मेहनत वाळली. शेवगा, कढीपत्ता, पपई, चार वांगी, दहा मिरच्या, एवढे परसात जगले तर उन्हाळ्यात घरच्या ताटात काही हिरवे पडते. दुष्काळात बाजाराची भाजी महागते. मग भाजी कुणाच्या ताटातून आधी जाते, ते घरातल्या बायकांना विचारा. त्यातून घरात गरोदर सून असेल, रांगते पोर असेल, तर ही चार झाडे केवळ शोभेची नव्हेत.

झाडांना पाणी फार मिळणार नाही, हे तर ठरलेलेच आहे. मग जे थोडे मिळते, ते झाडाच्या मुळालाच मिळेल असे करायचे. या पाठात तेवढेच सांगायचे आहे.

पाणी जाते कुठे?

समजा, तुम्ही लिंबाच्या आळ्यात एक घागर पाणी ओतले. घागरीत १५ लिटर पाणी मावते असे धरू. म्हणजे डोक्यावर १५ किलोचे ओझे, घागरीचे वजन वेगळे. हे पाणी आळ्यात जिरले. तुम्ही घरात गेलात. आता त्या पाण्याचे काय होते?

काही पाणी मुळे पितात. ते झाडाच्या कामी आले. काही पाणी मुळांच्याही खाली जाते. थोडे पाणी घातले असेल तर असे फार जात नाही. आणि उरलेले पाणी मातीतून वर येते आणि हवेत उडून जाते. ते जाताना दिसत नाही. म्हणून आपल्याला वाटते, झाडानेच पाणी प्याले.

खालची ओल वर कशी येते? चिमणीची वात आठवा. रॉकेल खाली असते, पण वातीतून आपोआप वर चढते. मातीचे कण एकमेकांना चिकटून असतात. त्यांच्या मधल्या बारीक जागेतून पाणी तसेच वर चढते. वर ऊन आहे, वारा आहे. ते आले तसे पाणी घेऊन जातात. मग खालून आणखी पाणी चढते.

किती पाणी जाते, याचाही अंदाज घेऊ. सोलापूरकडे मे महिन्यात उघड्या पसरट भांड्यात पाणी ठेवले, तर एका दिवसात त्याची पातळी १० मिलिमीटरहूनही जास्त उतरते. १० मिलिमीटर म्हणजे साधारण बोटाच्या जाडीपेक्षा थोडे कमी. हे ऐकायला थोडे वाटते. पण एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. म्हणजे तेवढ्या जागेतून दिवसाला १० लिटर पाणी उडाले. ओली उघडी माती पहिल्या दिवशी जवळजवळ उघड्या पाण्यासारखीच पाणी सोडते. आळे लहान असेल किंवा झाडाची सावली असेल, तर कमी जाईल. पण भर उन्हातल्या मीटरभर आळ्यात तुमच्या एका घागरीतले निम्म्याहून जास्त पाणी असे जाऊ शकते. ती घागर कुणीतरी अर्धा मैल चालून आणलेली असते.

आता एक गंमत पाहा. पाणी घातल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मातीचा वरचा थर वाळतो. थर वाळला की वातीचा वरचा भाग तुटल्यासारखे होते. खालची ओल वर यायला अडते. पाणी उडण्याचा वेग आपोआप कमी होतो. म्हणजे वाळलेली मातीच खालच्या मातीचे थोडे रक्षण करते. पण आपण काय करतो? झाड कोमेजलेले दिसले की रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी शिंपडतो. त्याने वरची दोन बोटे माती भिजते. मुळे खाली असतात, त्यांना त्यातले फारसे मिळत नाही. वरचा थर मात्र पुन्हा ओला होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते सगळे पाणी ऊन पिऊन टाकते. रोज तांब्याभर देण्यापेक्षा आठवड्याचे पाणी एकदम, सावकाश, मुळापर्यंत जाईल असे द्यावे. वांगी-मिरचीसारख्या उथळ मुळांच्या झाडांना तीन-चार दिवसांनी द्यावे. आणि लगेच वरून झाकावे.

हे झाकणे म्हणजेच आच्छादन. थंडीत आपण घोंगडी पांघरतो, तसे उन्हाळ्यात मातीला पांघरूण घालायचे. पांघरुणाखाली ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही. दुपारी बारा वाजता उघड्या जमिनीवर अनवाणी पाय ठेववत नाही, मग त्या मातीतल्या कोवळ्या मुळांचे काय होत असेल? पाचटाच्या थराखाली हात घालून बघा. माती गार लागते.

कशाने झाकावे?

इथे एक अडचण आहे. ती आधी बोलून टाकलेली बरी. शहरातले लोक सांगतात, पेंढा पसरा, कडबा पसरा. पण दुष्काळात कडबा म्हणजे सोने! जनावर उपाशी ठेवून वांग्याला कडबा पांघरणारा शेतकरी मला तरी भेटलेला नाही, आणि भेटू नये. म्हणून साधा नियम धरावा. जे जनावर खाते, ते जनावराला. जे जनावर खात नाही, ते मातीला.

एका घरी सासू-सुनेचे असेच बोलणे चालले होते, असे समजा. सून माहेरच्या नात्याने सासूला आत्या म्हणते.

“आत्या, त्यो लिंबाखालचा पाला नि गव्हाणीतली घाण गोळा करून कुठं चाललाय?”

“परड्यात. झाडाच्या बुडाला टाकती.”

“अवो, आत्ताच तर मी परडं लोटून लख्ख केलंय. पावनं आलं तर काय म्हणतील? केर काढला न्हाई म्हणतील.”

“म्हणू देत. लख्ख केलंस आणि माती उन्हात तापाय ठिवलीस. तू डोईवर आणलेलं पाणी त्या उन्हानं पिलं. अंगण लोट, पण झाडाच्या आळ्यात केरसुणी घालू नगंस.”

“मग गव्हाचा भुसा टाकूया की. चांगला मऊ हाय.”

“आणि म्हशीला काय घालशील? भुसा ऱ्हाऊ दे. म्हशीनं जे तोंड फिरवून टाकलंय ना, त्येच आन.”

म्हातारीचे म्हणणे बरोबर आहे. गव्हाणीत कडब्याची जाड बुडखे उरतात. जनावरांनी चघळून टाकलेला चोथा उरतो. शेणामुताने भिजलेले ते चघळ झाडांना चांगले. शिवाय घराभोवती पाहिले तर पुष्कळ काही सापडते. कडुनिंबाचा आणि आंब्याचा गळलेला पाला. भुईमुगाच्या शेंगांची टरफले. करडईचे काटेरी भुसकट. कापसाच्या पऱ्हाट्या किंवा सूर्यफुलाची ताटे कोयत्याने बारीक तोडून. ऊस जवळ असेल तर त्याचे वाळलेले पाचट. पुष्कळ जण तोडणीनंतर पाचट पेटवून देतात. त्यांना आधी जाऊन विचारले तर गाडीभर पाचट फुकट मिळते. कोकणात नारळ-पोफळीच्या बागांत सोडणे आणि झावळ्या झाडांच्या बुडाशी घालतात, तेही याच कामासाठी. ज्याच्या गावात जे पिकते, त्याचा टाकाऊ भाग त्याने घ्यावा.

गाजरगवत, ज्याला काही लोक काँग्रेस गवत म्हणतात, तेही चालते. पण एक अट आहे. फुले यायच्या आत उपटलेले हवे. फुलावर आलेले गवत आळ्यात टाकले तर पुढच्या पावसाळ्यात तुमच्या परसात त्याचेच रान माजेल. ते उपटताना हाताला फडके किंवा पिशवी गुंडाळा. काहींच्या अंगाला त्याने फार खाज सुटते.

काहीच मिळाले नाही तर? माणदेशात एका गोष्टीची टंचाई कधीच नसते, ती म्हणजे दगड. चपटे दगड आळ्यात एकमेकांना लावून मांडा. त्यांच्याखालीही ओल टिकते. फक्त दगड दुपारी तापतात, म्हणून ते खोडाला किंवा पानांना टेकू देऊ नयेत. दगड कुजून खत होत नाही, हे खरे. पण त्याला वाळवी लागत नाही आणि तो वाऱ्याने उडत नाही.

बाजारात काळ्या किंवा रुपेरी प्लॅस्टिकचा कागद मिळतो. कलिंगड, टोमॅटो करणारे शेतकरी तो ठिबकच्या नळीवर अंथरतात. ओल टिकते, तणही येत नाही. मोठ्या बागायतीला ते परवडत असेल. परसातल्या दहा झाडांसाठी ते विकत घेऊ नये असे मला वाटते. तो कागद उन्हाने फाटतो, त्याचे तुकडे मातीत मिसळतात, आणि त्याचे खत कधीच होत नाही.

पांघरूण कसे घालावे?

आधी आळ्यातले तण खुरप्याने काढा. तण तुमच्या झाडाच्या वाटणीचे पाणी पीत असते. उपटलेले तण बी नसेल तर तिथेच पसरा. मग पाणी द्या. पाणी चांगले जिरू द्या. त्यानंतर झाका. हा क्रम चुकवू नका. कोरड्या मातीवर पांघरूण घातले तर आत कोरडेपणाच झाकला जातो. वरून घातलेले थोडे पाणीही मग ते पाचटच पिते.

थर किती जाड असावा? दाबून बसल्यावर चार बोटे उरावा. पाचट, काड्या, पाला हे पोकळ असतात. म्हणून घालताना वीतभर घाला. दोन आठवड्यांत ते चार बोटांवर बसते. एक बोट जाडीचा थर घातला तर घातल्याचे समाधान मिळते, पण ऊन आत पोचतेच. मग लोक म्हणतात, आम्ही करून पाहिले, काही फरक पडला नाही.

झाडाच्या फांद्यांची सावली दुपारी जिथपर्यंत पडते, तिथपर्यंत झाका. पाणी पिणारी बारीक मुळे खोडाजवळ कमी आणि बाहेरच्या बाजूला जास्त असतात. खोडाला मात्र पांघरूण टेकवू नका. लिंबू, शेवगा यांच्या खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. वांगी-मिरचीभोवती चार बोटे पुरेत. ओला पाला सालीला चिकटून राहिला तर साल कुजते. बी पेरले असेल किंवा रोप अगदी कोवळे असेल, तर ते वीतभर वाढू द्या, मग झाका. नाहीतर कोंब पांघरुणाखालीच गुदमरतो.

वारा फार असेल तर वर चार काटक्या किंवा दगड ठेवा. उन्हाळ्याच्या वावटळीने सकाळचे काम दुपारी शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकले, असे होऊ नये. जिकडून झळा येतात त्या बाजूला तुराट्यांचा कूड उभा केला तर झाडांना आणखी आराम पडतो.

ओल आहे की नाही, हे वरून कळत नाही. म्हणून पाणी देण्याआधी पांघरूण बाजूला सारा. चार बोटे माती उकरा. आतली मूठभर माती घेऊन दाबा. लाडू वळला तर आज पाणी देऊ नका. माती भुगा होऊन सांडली तर द्या. ही मुठीची परीक्षा काळ्या मातीत चांगली चालते. मुरमाड, वाळूसर मातीचा लाडू नीट वळत नाही. तिथे हाताला गारवा लागतो का, ते पाहा.

पाणी कुठले द्यावे? टंचाईत चांगले पाणी झाडाला घालायला जीव होत नाही, आणि घालूही नये. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी, आंघोळीचे पाणी झाडांना चालते. ते पांघरूण सारून मातीवर ओता. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र घालू नका. त्यात सोडा असतो. तो वर्षानुवर्षे साचला तर जमीन चोपण होते. मोरीचे पाणी कोथिंबीर, मेथी अशा पालेभाजीवर टाकू नका. पपई, शेवगा, केळ यांच्या बुडाला घाला.

विंचू, वाळवी आणि ठिणगी

पाचट घातले की विंचू येतो, साप येतो, असे म्हणून पुष्कळ घरांत हे काम थांबते. ही भीती खोटी नाही. गारव्याला विंचू येतो. म्हणून घराच्या भिंतीला, उंबऱ्याला, पोरे खेळतात त्या जागेला लागून पांघरूण घालू नका. पांघरूण हलवताना आधी काठीने हलवा. मग खुरप्याने सारा. हात थेट आत घालू नका. वर पाचट गार लागते का हे हात घालून बघा म्हटले, तेही काठीने चाळवल्यावर. अंधारात तर या कामाला हात लावूच नये. आणि कुणाला साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशाचे औषध तिथे असते. विंचू लहान मुलाला चावला तरी तसेच करा.

वाळवीचेही असेच. वाळलेल्या काडीला वाळवी लागते. ती बहुधा मेलेले लाकूडच खाते. पण कडक उन्हाळ्यात पाण्यावाचून खंगलेल्या झाडाच्या सालीलाही ती लागते. म्हणूनच खोडाभोवतीची जागा मोकळी ठेवायची. आठवड्यातून एकदा खोड पाहा. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर काडीने खरवडून काढा. कडुनिंबाचा पाला मिसळला की वाळवी येत नाही असे काही जण सांगतात. मिसळावा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

तिसरी गोष्ट ठिणगीची. चुलीतली राख गरम असताना परसात टाकू नका. विडीचे थोटूक टाकू नका. वाळलेले पाचट रॉकेलसारखे पेट घेते.

कधी कधी पांघरूण घातल्यावर भाजीची पाने पिवळी पडतात. काड्या कुजवणारे बारीक जंतू मातीतले नत्र स्वतःसाठी घेतात. काड्या मातीत कालवल्या तर हे जास्त होते, वर पसरल्या तर कमी. म्हणून त्या वरच ठेवाव्यात. तरी पाने पिवळी दिसली तर शेणकाला पातळ करून घाला. गोमूत्र घालायचे असेल तर एका भागाला दहा भाग पाणी घाला.

मातीचे मडके

ज्याच्याकडे पाणी फारच थोडे आहे, त्याने पांघरुणाच्या जोडीला मडके पुरावे. कुंभाराकडचे साधे, बिनरंगाचे, पाझरणारे मडके घ्या. झाडापासून हातभर अंतरावर ते गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. भोवतालची माती कोरडी झाली की मडके पाझरते. माती ओली असली की पाझर मंदावतो. जणू झाडच मागेल तेवढे पाणी घेते. वरून पांघरूण असले की मडक्यातून पाझरलेले पाणीही उडत नाही. नव्या कलमांना, दोन वर्षांच्या आंब्या-लिंबाला हे फार उपयोगी पडते. मडक्याची छिद्रे गाळाने बुजतात, म्हणून त्यात आंघोळीचे साबणाचे पाणी न घालता गाळलेले पाणी घालावे.

आजोबांची कोळपणी

हे ज्ञान नवे आहे असे कुणी समजू नये. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपले जुने शेतकरी म्हणत आले आहेत. रब्बी ज्वारीत कोळपे चालवले की वरची माती भुसभुशीत होते आणि काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात. भेगा म्हणजे ओल पळून जायची दारेच. ती बंद झाली, वर कोरड्या मातीचा थर झाला, की खालची ओल अडली. म्हणजे मातीचेच मातीला पांघरूण. सोलापूरला १९३३ सालापासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालत आलेले आहे. कमी पावसात ओल कशी धरून ठेवावी, हाच तिथला मुख्य प्रश्न. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनीही पालापाचोळा जाळू नका, तो मातीला द्या, हे महाराष्ट्रात पुष्कळांना पटवून दिले.

पांघरायला काहीच नसेल त्या आळ्यात पाणी दिल्यावर दोन दिवसांनी वरची दोन बोटे माती खुरप्याने हलवून ठेवा. पाचटाइतका गुण येणार नाही, पण भेगा तरी पडणार नाहीत.

करून पाहा

पुस्तकात लिहिले म्हणून खरे मानू नका. तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. स्वतः मोजून लिहून पाहा.

तेलाचे रिकामे, सारख्या मापाचे दोन डबे घ्या. तळाला भोक नसावे. दोन्हींत एकाच जागची माती सारख्या वजनाची भरा. वर वीतभर जागा रिकामी ठेवा. दोन्हींत सारखे, तांब्याने मोजून पाणी घाला. मग एका डब्यात मातीवर चार बोटे वाळलेला पाला किंवा टरफले घाला. दुसरा उघडाच ठेवा. दोन्ही डबे तराजूवर तोलून वजन लिहून ठेवा. दुकानदाराचा काटा चालेल. मग दोन्ही डबे उन्हात शेजारी-शेजारी ठेवा. कोंबड्या उकरणार नाहीत आणि शेळी तोंड घालणार नाही, असे बघा.

पाटीवर तीन रकाने आखा. पहिल्यात वार लिहा. दुसऱ्यात उघड्या डब्याचे वजन, तिसऱ्यात झाकलेल्या डब्याचे. रोज सकाळी एकाच वेळी तोला आणि लिहा. डब्याचे वजन जितके घटले, तितके पाणी उडाले. एक किलो घटले म्हणजे एक लिटर पाणी गेले. आठ दिवसांनी दोन्ही रकान्यांत पहिल्या वजनातून शेवटचे वजन वजा करा. जी दोन उत्तरे येतील, ती घरातल्या पाणी आणणाऱ्या बाईला वाचून दाखवा. तिला ती लगेच समजतील.

पाऊस आल्यावर

पांघरुणाचा एक तोटाही आहे. वळवाची किंवा मृगाची बारीक सर आली तर ती पाचटातच मुरते. मातीपर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून आभाळ भरून आले की पांघरूण आळ्याच्या कडेला ओढून ठेवा. एक-दोन चांगले पाऊस मातीत मुरू द्या. मग पुन्हा पसरा. असे केले तर पावसाळ्यातल्या उघडिपीतही ओल टिकते, आणि आपल्याकडे ती उघडीप कधी कधी महिनाभर लांबते. पाऊस सारखा लागून राहिला तर थर पातळ करा. भारी काळ्या मातीत पाणी साचते आणि वर जाड पांघरूण असले तर मुळांना वारा मिळत नाही.

दिवाळीपर्यंत बराचसा पाला कुजलेला असतो. तो हलवला तर खालची माती काळसर, मऊ आणि जिवंत दिसते. कधी गांडुळेही दिसतात. ते सगळे तसेच राहू द्या आणि त्यावर नवा थर घाला. खळी झाली, भुईमूग फोडून झाला, ऊस तुटला, की त्या त्या वेळी टाकाऊ काडीकचरा थोडा थोडा आणून साठवत जा. चैत्रात शोधायला निघालात तर तोवर तो शेताच्या बांधावर जळून गेलेला असतो. साठवलेला ढीग चुलीपासून आणि गोठ्यापासून लांब ठेवा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन-चार जड दगड ठेवा.